ब्लॉक तिथंच राहणार होता

बायपास हा धंदा आहे, असं मी वर्षानुवर्षं बोलत आले. दबक्या आवाजात नव्हे, चांगलं चारचौघांत. लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, स्टाफरूममध्ये, जिथं कुणाच्या अँजिओग्राफीचा विषय निघेल तिथं. "ब्लॉक दाखवतात, घाबरवतात आणि रातोरात सही घेतात," हे माझं ठरलेलं वाक्य. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे माझ्या बोलण्याला नसलेलं वजन यायचं. सांगणारी विज्ञानाची बाई आहे म्हटल्यावर पुढचा माणूस मान हलवायचा. मला ते आवडायचं, हे आधीच सांगून टाकते.

या मताच्या मुळाशी भीती होती. माझे मामा नव्वदच्या दशकात बायपासला गेले आणि घरी परत आले नाहीत. ऑपरेशन झालं होतं व्यवस्थित, पण छातीची जखम भरली नाही, त्यात पू झाला, आणि मधुमेहाच्या शरीराला तो झेपला नाही. तेव्हापासून छाती उघडणं या कल्पनेनंच माझ्या पोटात गोळा यायचा. पण मला भीती वाटते असं म्हणणं कमीपणाचं वाटे. मग त्या भीतीला मी संशयाचे कपडे घातले. संशय घेणारा माणूस हुशार दिसतो.

आणि संशयाला खाद्य भरपूर होतं. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली आणि लाखाच्या पुढं विकला जाणारा औषधी लेपाचा स्टेंट एकदम 29,600 रुपयांवर आला. त्या सकाळी पेपर हातात घेऊन मी स्टाफरूममध्ये अक्षरशः मिरवले. "बघा, मी म्हणत नव्हते?" कट प्रॅक्टिस हा शब्द तर आपल्याकडं पोराटोरांना ठाऊक आहे. पेशंट पाठवला की पाठवणाऱ्याला टक्का पोचतो, हे काही मी कल्पनेनं रचलेलं नव्हतं. पण एवढ्यावर मी थांबत नव्हते. "डॉक्टर नितू मांडक्यांसारखा नावाजलेला सर्जन, बाळासाहेबांची बायपास करणारा, तो स्वतः 2003 मध्ये हार्ट ॲटॅकनंच गेला ना?" असंही मी बोलले आहे. यात युक्तिवाद काय होता, हे मला आज सांगता येत नाही. दाताचे डॉक्टर असले की दात दुखतच नाहीत, असं थोडंच असतं? पण टाळी मिळायची.

मग दादाची पाळी आली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सांगली जिल्ह्यात शेती. जुना मधुमेह, तंबाखू त्याहून जुनी. बांधावरून चढ चढून आला की छाती भरून यायची, दोन मिनिटं बसला की उतरायची. तो त्याला पित्त म्हणायचा. शेवटी पुतण्यानं धरून नेलं, अँजिओग्राफी झाली आणि तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले. त्यातला एक डाव्या बाजूच्या, समोरून खाली उतरणाऱ्या मोठ्या वाहिनीच्या अगदी सुरुवातीला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की स्टेंटनं भागायचं नाही, बायपास करून घ्या.

पुतण्याचा फोन मला आला, कारण घरात शिकलेली मी. मी म्हटलं, "घाई करू नका."

आणि मी दादाला काढा लिहून पाठवला. तुमच्याही फोनवर तो आला असेल. लसणाचा, आल्याचा, लिंबाचा रस, त्यात व्हिनेगर, मंद आचेवर आटवायचं, गार झालं की मध घालायचा, रोज सकाळी अनशापोटी एक चमचा. ब्लॉक विरघळतात म्हणे. वहिनी रोज सकाळी उठून लसूण सोलायच्या. वर मी आणखी एक सल्ला दिला. "ती कोलेस्टेरॉलची गोळी फार दिवस घेऊ नकोस, लिव्हर बिघडवते." हे मी कुठं वाचलं होतं ते मला आठवत नाही. वाचलं होतं की नुसतंच ऐकलं होतं, तेही आठवत नाही. दादानं गोळी बंद केली.

दिवाळीनंतर हे सुरू झालं. गुढीपाडव्याच्या आसपास एका पहाटे त्याला घाम फुटला, डावा हात जड झाला, आणि गाडीत घालून नेईपर्यंत तो ओठ चावत गप्प पडून होता. सौम्य झटका, असं डॉक्टर म्हणाले. पण आधीच्या इकोत हृदयाचं पंपिंग 55 टक्के होतं, ते आता 40 वर आलं होतं. स्नायूचा एक भाग रक्तावाचून गेला होता. मेलेला हृदयाचा स्नायू पुन्हा उगवत नाही. एवढं मात्र मला शाळेपासून ठाऊक होतं.

आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर वहिनी मला म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही शिकलेल्या. आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार." त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता आलं असतं.

तरीसुद्धा माझं मत तिथं बदललं नाही, हे कबूल केलं पाहिजे. अपराधी वाटणं वेगळं आणि मत बदलणं वेगळं. मला वाटत होतं, नशीब खोटं, वेळ चुकली. दुसऱ्या एका सर्जनचं मत घ्यायला आम्ही मोठ्या शहरात गेलो, तेव्हाही माझ्या पर्समध्ये प्रश्नांनी भरलेली वही होती. त्या माणसाला पेचात पकडायचं असं मी ठरवूनच गेले होते.

त्यांच्या केबिनचं दार नीट लागत नव्हतं. आमच्या आधी पन्नाशीचे एक दुकानदार आत होते, सोबत दोन मुलगे. बाहेर सगळं ऐकू येत होतं. त्यांच्या एकाच वाहिनीत अडथळा होता, तीही मुख्य नव्हे. पंपिंग चांगलं, गोळ्या सुरू केल्यापासून छातीत दुखलेलं नाही. थोरला मुलगा म्हणत होता, "डॉक्टर, एकदाचं करूनच टाका. पैशाचा प्रश्न नाही."

"पैशाचा प्रश्न मलाही नाही हो," डॉक्टर म्हणाले, "पण यांना ऑपरेशनचा उपयोग नाही. गोळ्या चालू ठेवा, चालायला लावा, बिडी बंद. आणि मला नका दाखवू आता, तुमच्या कार्डिऑलॉजिस्टना दाखवत राहा."

मुलगा चिडला. दुसरीकडं दाखवू म्हणाला. खुशाल दाखवा, असं उत्तर आलं. तिघं बाहेर पडले तेव्हा दोन्ही मुलांच्या चेहऱ्यावर फसवलं गेल्याचा भाव होता. ऑपरेशन नाकारल्यामुळं फसवलं गेल्याचा! माझ्या सगळ्या सिद्धान्तात असा सर्जन कुठंच बसत नव्हता. धंदाच करायचा तर गिऱ्हाईक पैसे घेऊन समोर बसलं होतं.

आम्ही आत गेलो. त्यांनी सीडी लावली. पडद्यावर धडधडणाऱ्या करड्या सावलीत डाय सोडलेली काळी रेघ भरत गेली, एके ठिकाणी जवळजवळ दिसेनाशी झाली आणि पुढं पुन्हा जाड झाली. त्यांनी पुन्हा पुन्हा तेवढंच दाखवलं. मी वही उघडली आणि पहिलाच प्रश्न विचारला, माझ्या मते बिनतोड. "हा ब्लॉक तुम्ही काढणार कसा?"

"काढणार नाही," ते म्हणाले. "तो तिथंच राहणार."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं ज्या ऑपरेशनविरुद्ध मी भाषणं देत होते, त्यात डॉक्टर छाती उघडून साचलेला मळ खरवडून काढत असत. म्हणूनच तर मी म्हणत होते की काढ्यानं जे विरघळतं त्यासाठी करवत कशाला. असं ऑपरेशन इथं कुणी करतच नव्हतं. मी ज्याच्याशी भांडत होते ते माझ्याच डोक्यात तयार झालं होतं. बायपास म्हणजे काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. विज्ञानाच्या बाईनं.

त्यांनी कागद ओढला आणि काढून दाखवलं. पहिली गोष्ट, तो थर नळीच्या आत चिकटलेला नसतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराखाली, भिंतीतच तो साठतो, जुना झाला की त्यात कॅल्शियम धरतं. रक्तातून जाणारं काहीही त्याला धुऊन काढत नाही. दुसरी गोष्ट, छातीच्या हाडाच्या मागं डाव्या अंगाला वरून खाली उतरणारी एक धमनी असते. तिचं वरचं टोक जिथं आहे तिथंच ठेवायचं, खालचं सोडवायचं आणि अडथळ्याच्या पुढं, हृदयाच्या वाहिनीला शिवायचं. बाकीच्यांसाठी पायातली शीर घ्यायची. शिरेत झडपा असतात, म्हणून ती उलटी करून जोडायची. ज्या वाहिनीला जोडायचं तिची रुंदी दीड-दोन मिलिमीटर. टाके भिंगाचा चष्मा लावून घालायचे, धागा केसाहून बारीक.

मी अजून ते चित्र समजून घेत होते, तेवढ्यात दादा म्हणाला, "म्हंजे वरचा पाट गाळानं बुजला तर बुजू दे. खालच्या रानाला नदीवरनं वेगळी पाइपलाइन."

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाले.

"मग हे साधं हाय की," दादा मला म्हणाला.

सातवी शिकलेल्या माझ्या भावाला जे एका वाक्यात कळलं, ते मी त्याच्यापासून कित्येक महिने अडवून धरलं होतं.

मग स्टेंट का नको, हा माझा पुढचा प्रश्न होता, आणि उत्तर दादाच्या त्याच वाक्यात होतं. स्टेंट अडथळ्याच्या जागी बसतो आणि तेवढीच जागा रुंद करतो. मधुमेही माणसाची वाहिनी लांबवर खराब असते. उद्याचा झटका आज ठीक दिसणाऱ्या शेजारच्या तुकड्यातून येऊ शकतो, तिथला थर फुटून, वर गुठळी धरून. नवी वाट त्या सगळ्या तुकड्यापलीकडं जोडलेली असते, त्यामुळे वर काहीही झालं तरी खालच्या स्नायूला रक्त मिळत राहतं. डॉक्टरांनी धोकाही स्वतःहून सांगितला. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये चांगल्या ठिकाणी शंभरात एखाद-दोन माणसं दगावतात, दादाचं पंपिंग घटल्यामुळं त्याचा धोका थोडा जास्त. म्हणजे मी दिवाळीत त्याला अडवलं नसतं तर तो कमी असता. हे ते बोलले नाहीत. मला बेरीज-वजाबाकी येते.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला 'फ्रीडम' नावाचा अभ्यास सापडला. एकाहून जास्त वाहिन्या खराब असलेले 1,900 मधुमेही, निम्म्यांना बायपास, निम्म्यांना स्टेंट. पाच वर्षांत स्टेंटच्या गटात 16.3 टक्के गेले, बायपासच्या गटात 10.9. पक्षाघाताचे झटके मात्र बायपासच्या गटात जास्त, 5.2 विरुद्ध 2.4. दादाचं घर मला त्या आकड्यांत दिसत होतं. आणि दुकानदाराचंही उत्तर मिळालं. 2020 मध्ये आलेल्या 'इस्केमिया' या अभ्यासात 5,179 रुग्ण होते, हृदयाला रक्त कमी पडणारे पण प्रकृती स्थिर असलेले. लगेच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत आणि आधी औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यूंचा फरक दिसला नाही. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले किंवा पंपिंग फार कमी असलेले त्यात घेतलेच नव्हते. म्हणजे "गरज नसताना करतात" हे माझं म्हणणं काही माणसांच्या बाबतीत खरं असू शकत होतं. मी ते सगळ्यांना सरसकट लावलं, आणि त्यात माझा भाऊ बसत नव्हता.

एक गोष्ट वाचताना मात्र मला फार लाज वाटली. शाळेत मी हृदयाची आकृती शेकडो मुलांकडून काढून घेतली. चार कप्पे, झडपा, महाधमनी, निळा आणि तांबडा खडू. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त कुठून मिळतं, हे एकाही पोरानं विचारलं नाही आणि मलाही कधी सुचलं नाही. हृदय तर रक्तानं भरलेलंच असतं, मग त्याला काय कमी, असं मी धरून चालले होते. पण आतून वाहणाऱ्या त्या रक्तावर एवढ्या जाड स्नायूचं भागत नाही. महाधमनी जिथं सुरू होते तिथं, झडपेच्या जरा वर, दोन छोटी तोंडं असतात. तिथून निघालेल्या वाहिन्या हृदयाच्या बाहेरून पसरतात आणि त्याला रक्त पुरवतात. तेही मुख्यतः स्नायू सैल पडतो तेव्हा, कारण आकुंचन पावताना तो स्वतःच त्या वाहिन्या दाबून धरतो. माझ्या फळ्यावरच्या आकृतीत ती दोन तोंडं कधीच नव्हती.

याच वाचनात मला रेने फावालोरो भेटले. अर्जेंटिनाचे. पंपासच्या सपाट मुलुखात हासिंतो आराऊस नावाच्या गावी ते बारा वर्षं खेड्यातले डॉक्टर होते. 1962 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकला गेले. तिथं मेसन सोन्स यांनी चार वर्षांपूर्वी हृदयाच्या वाहिन्यांत थेट डाय सोडून चित्रं घेण्याची पद्धत शोधली होती. ती चित्रं फावालोरो तासन्‌तास बघत. मे 1967 मध्ये त्यांनी पायातली शीर वापरून बायपास केली आणि ही शस्त्रक्रिया जगभर रुजली. (त्याआधी 1964 मध्ये लेनिनग्राडला कोलेसोव यांनी छातीतली धमनी जोडून दाखवली होती, पण तिकडं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. आपल्याकडं 1975 मध्ये मद्रासच्या पेरांबूर रेल्वे इस्पितळात डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिली बायपास केली.) फावालोरो पुढं मायदेशी परतले, संस्था उभारली, ती कर्जात बुडाली. जुलै 2000 मध्ये त्यांनी स्वतःच्या हृदयात गोळी झाडून घेतली. मागं ठेवलेल्या पत्रात त्यांनी पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांना टक्का देण्याच्या पद्धतीबद्दल कडवटपणे लिहिलं होतं. तो देणाऱ्यांतले ते नव्हते.

हे वाचून मी उठले आणि अंगणात जाऊन उभी राहिले. ज्या कमिशनच्या नावानं मी बायपासला शिव्या घालत होते, त्याच कमिशनच्या विरोधात बायपास रुजवणारा माणूस उभा होता, आणि त्यात संपला. मी तर चार वाक्यं फेकून टाळ्या घेत होते.

दादाचं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झालं, रेशनकार्ड केशरी होतं. हृदय न थांबवता केलं. जोडायची तेवढी नाण्याएवढी जागा एका उपकरणानं स्थिर धरतात आणि बाकीचं हृदय धडधडत राहतं. एक धमनी, दोन शिरा. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडं फार नाही, मी बाहेर होते. नंतरचं मात्र डोळ्यांसमोर आहे. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र दादा जोरात फुंकायचा आणि नर्स ओरडायची, "काका, फुंकू नका, ओढा!" खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची. त्याला छातीपेक्षा पाय जास्त दुखला, घोट्यापासून वर गेलेली ती चीर महिनाभर सुजत होती. एक्स-रेमध्ये छातीचं हाड बांधलेल्या स्टीलच्या तारांचे पीळ दिसतात, ते तो येईल त्याला दाखवतो. आणि कधी न रडणारा हा माणूस टीव्हीवरच्या जाहिराती बघून रडायचा. डॉक्टर म्हणाले, काही दिवस असं होतं, होऊ द्या.

काही बाबतींत मी बदललेले नाही. रातोरात सही मागितली की मी आजही विचारते, कोणती वाहिनी, पंपिंग किती, थांबलो तर काय. टक्केवारीबद्दलचा माझा राग तसाच आहे, उलट वाढलाय, कारण त्या टक्क्यामुळंच माझ्यासारख्यांच्या तोंडी खरी वाटणारी वाक्यं येतात आणि ज्याला ऑपरेशन हवंय तो घरी लसूण सोलत बसतो. पंधरा टक्के पंपिंग माझ्यामुळं गेलं का? कदाचित तो झटका तसाही आला असता. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं सांगता येत नाही. हे उत्तर मला सुटका वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात वहिनींनी फोन केला. दादानं कोलेस्टेरॉलची गोळी पुन्हा बंद केली होती. ऑपरेशन झालं, आता काय, असं त्याचं म्हणणं. मी त्याला समजावलं की पायातल्या शिरांच्या या वाटा तशा कच्च्या, दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास बुजतात किंवा खराब होतात, छातीतली धमनी मात्र दहातल्या नऊ जणांची दहा वर्षांनीही चालू असते. रोग गेलेला नाही, फक्त वळसा घातलाय. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, पर ती गोळी लिव्हर बिघडवती. तूच सांगितलंस."

मी म्हटलं, "मी खोटं सांगितलं होतं. चल, तपासू."

तालुक्याला जाऊन रक्त दिलं. लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आला, कोलेस्टेरॉल मात्र चढलं होतं. गोळी परत सुरू झाली आहे. तंबाखूवरून भांडण चालू आहे.